वादळाची बातमी आली की झोप उडते

"अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं एवढं ऐकलं तरी रात्रभर मोबाइल बघत बसते. मी फारच घाबरट आहे का?" मे महिन्यात आणि परत ऑक्टोबर-नोव्हेंबरात किनाऱ्यावरच्या गावांतून हा प्रश्न हमखास येतो.

पेडणे तालुक्यातल्या एका ताईंचं उदाहरण घेऊ. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नवरा बोटीवर, घरात सासूबाई आणि शाळकरी दोन मुलं. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे सरकलं, तेव्हा त्यांच्या पडवीवर माड कोसळला आणि कित्येक दिवस वीज नव्हती. ज्याच्या घरावर माड पडलाय त्याला भीती वाटणारच. तिला घाबरटपणा म्हणू नये.

त्रास वाढत होता तो बघण्याच्या पद्धतीमुळे. विंडी या हवामानाच्या ॲपवर आठ दिवस आधीच एखादा लाल भोवरा गोव्यावर टेकलेला दिसायचा. इतक्या लांबचं ते संगणकावरच्या एका हवामान मॉडेलचं एका वेळचं गणित असतं. सहा-बारा तासांनी नवं गणित आलं की भोवरा ओमानकडे किंवा गुजरातकडे सरकतो. ताई दर अर्ध्या तासाने बघायच्या. बघितलं की क्षणभर बरं वाटायचं, आणि त्या क्षणभराच्या दिलाशासाठीच हात पुन्हा मोबाइलकडे जायचा.

त्यांना विचारलं, "वादळ आलं तर नेमकं काय होईल?" सुरुवातीला "सगळंच जाईल". नेटाने विचारत गेल्यावर तीन गोष्टी उरल्या: दुसरा माड, विहिरीचं पाणी आणि सासूबाईंचं इन्शुलिन. तिन्हींवर इलाज होता.

माडाचं काम वादळाच्या बातमीची वाट बघत ठेवायचं नाही. पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणारा, एप्रिलअखेर बोलवायचा, वाळक्या झावळ्या आणि तयार नारळ उतरवून घ्यायचे. इशारा आल्यावर पाडेली मिळत नाही आणि वाऱ्यात कुणाला माडावर चढवूही नये. घराकडे कललेल्या माडाबद्दल पंचायतीकडे आधीच अर्ज. वीज गेली की विहिरीवरचा पंप बंद, म्हणून दोर-कळशी हाताशी हवी. पिण्या-रांधण्यासाठी माणशी दिवसाला चार लिटर धरले तर चौघांना तीन दिवसांचे साधारण ५० लिटर झाकून ठेवायचे. इन्शुलिनची वापरातली बाटली उन्हापासून दूर, घरातल्या तापमानाला साधारण चार आठवडे चालते. आपल्या औषधाची मुदत वेष्टनावर बघून घ्यावी. न उघडलेल्या बाटल्या पिशवीत घट्ट बांधून मातीच्या मडक्यात, मडकं ओल्या वाळूत. फ्रिज बंद पडला तरी बाटल्यांना गारवा राहतो. सासूबाईंनी हे मडकं स्वतःकडे घेतलं, वाळू ओली ठेवायचं कामही त्यांचंच.

मग बघण्याच्या वेळा ठरवल्या. चक्रीवादळ झाल्यावर हवामान खात्याचं पत्रक दर तीन तासांनी येतं; मधल्या वेळात बघून नवं काही हाती लागत नाही. ताईंनी सकाळी ९, दुपारी ३ आणि रात्री ९ या वेळा घेतल्या, विंडी काढून टाकलं. प्रत्येक वेळी पत्रकातल्या तीनच गोष्टी वहीत लिहायच्या: वादळ कुठे आहे, कुठल्या दिशेला चाललंय, गोव्यासाठी इशाऱ्याचा कुठला रंग. नारिंगी किंवा लाल असेल तर कामाला लागायचं: पॉवर बँक भरणं, गॅसचा रेग्युलेटर बंद, मुलांची झोपायची जागा माडापासून लांबच्या खोलीत. रात्री मोबाइल सचेत या सरकारी आपत्ती-इशाऱ्यांच्या ॲपचा आवाज चालू ठेवून बाहेरच्या खोलीत. गंभीर इशारा आला तर तो वाजतो, आपण जागं राहून त्याची राखण करायची गरज नाही.

पहिल्या दोन रात्री तरीही त्या उठल्याच. तसं होतंच. उठल्यावर मोबाइलऐवजी वही बघायची, चार अंक मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाचेक मिनिटं. पुढच्या वेळचं वादळ ओमानकडे गेलं, त्या आठवड्यात त्यांना बहुतेक रात्री झोप लागली.

आकाश निरभ्र असतानाही माड पडल्याचा आवाज कानात घुमत असेल, महिना उलटूनही झोप-जेवण जागेवर येत नसेल, तर एवढ्यावर भागत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.