आमच्या भागातल्या रस्त्यावर सायकल ट्रॅक केला तर अपघात खरंच कमी होतील का?

तुम्ही लिहिलंय की पुण्याच्या उपनगरातला तुमचा रस्ता शाळेवरून जातो, दोन्ही बाजूंना दुकानं आहेत, मुलं सायकलने क्लासला जातात आणि महापालिकेकडे ट्रॅक मागावा की नाही यावर सोसायटीत दोन तट पडलेत. माझं उत्तर : जरूर मागा. पण नेमकं काय हवंय ते लिहून मागा, नाहीतर रस्त्याच्या कडेला रंगाचा पट्टा मारून मिळेल आणि त्याने कोणाचाही जीव वाचणार नाही.

मी पुण्यात सायकलनेच कामाला जातो. नुसत्या पांढऱ्या रेषेने आखलेल्या लेनमध्ये बघता बघता गाड्या उभ्या राहायला लागतात. मग प्रत्येक उभ्या गाडीला वळसा घालायला सायकलवाला उजवीकडे, मागून येणाऱ्या बसच्या पुढ्यात येतो. म्हणून ट्रॅक रस्त्यापासून कठड्याने किंवा उंचीने वेगळा हवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांप्रमाणे तो किमान २ मीटर रुंद असावा, म्हणजे एका सायकलला दुसरी ओलांडून पुढे जाता येते.

माझ्या वाटेवर असा वेगळा केलेला एक ट्रॅक आहे. पेव्हर ब्लॉक उचकटलेत, मधोमध विजेची डीपी उभी आहे आणि चौकाच्या अलीकडे ट्रॅक वीतभर उंचीवरच संपतो, खाली यायला उतारच नाही. पुढचं चाक असं आदळतं की एकदा अनुभव घेतलेला माणूस परत वर चढत नाही, खालच्या रस्त्यानेच जातो. त्यावर लोक म्हणतात, ‘ट्रॅक बांधून दिले तरी कोणी वापरत नाही.’ हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं. वॉचमन, बांधकामावरचे मजूर, पेपर टाकणारी मुलं आजही सायकलवरच आहेत. ज्यांच्याकडे दुसरं वाहन नाही, त्यांच्या वाटेत आपण डीपी उभी करतो.

खरा धोका मात्र चौकात असतो. सरळ जाणाऱ्या सायकलच्या उजव्या अंगाला बस किंवा डंपर असतो आणि तो डावीकडे वळतो. ड्रायव्हरला आरशात सायकल दिसत नाही. त्यातून मोठ्या गाडीचं मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आतून, कोपऱ्याला घासून वळतं. म्हणून अर्जात चौकाबद्दल सगळ्यात जास्त लिहा. बाजूच्या गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक खाली न उतरवता त्याच उंचीवरून पलीकडे न्यावा, म्हणजे वळणाऱ्या गाडीला स्पीडब्रेकरसारखा चढ लागतो. कोपऱ्याची गोलाई कमी करावी, म्हणजे वेगात वळताच येणार नाही. सिग्नलला गाड्यांची थांबण्याची रेषा मागे आणि सायकलींची पुढे असावी.

रस्ता अरुंद असेल तर ट्रॅकचा हट्ट नको. तिथे वेग ३० वर आणायची मागणी करा. ५० च्या वेगातल्या गाडीचा आघात ३० च्या वेगापेक्षा जवळजवळ पावणेतीन पट असतो. नुसता फलक लावून वेग उतरत नाही. शाळेजवळ उंच झेब्रा क्रॉसिंग आणि थोड्या थोड्या अंतरावर स्पीडब्रेकर लागतात.

दुकानदार पार्किंगवरून विरोध करतील. स्पेनमधल्या सेव्हिल शहराने २००६ नंतर थोड्याच वर्षांत शंभर किलोमीटरहून जास्त लांबीचे, कठड्याने वेगळे केलेले आणि एकमेकांना जोडलेले ट्रॅक बांधले, त्यासाठी बऱ्याच ठिकाणी पार्किंगची जागा घेतली, आणि तिथे सायकली कितीतरी पटींनी वाढल्या. आपल्याकडेही महापालिकेच्या मुख्य सभेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केलाय. तुमचा रस्ता त्यात आहे का ते आधी बघा, असेल तर अर्जाच्या पहिल्याच ओळीत तसं लिहा.

अर्ज पथ विभागाला द्या, प्रत क्षेत्रीय कार्यालयाला आणि वाहतूक पोलिसांना. चेंबरच्या झाकणाची दुरुस्ती, उतार, स्पीडब्रेकर अशी छोटी कामं नागरिकांच्या सहभागातून होणाऱ्या अंदाजपत्रकातही सुचवता येतात. शाळा भरताना आणि सुटताना तासभर उभं राहून सायकली मोजा, आकडे आणि चौकाचे फोटो अर्जाला जोडा. शाळेच्या पालक-शिक्षक संघाची सही आधी घ्या, दुकानदारांशी बोलायला मग जा.