हात बसायची वाट पाहू नकोस

प्रिय,

तुझी रेखाटनं सावकाश पाहिली. हात बसला की मगच छापचित्रांकडे वळायचं, असं तू लिहिलं आहेस. मी म्हणेन, हात बसावा म्हणूनच लिनो, म्हणजे कोरून छापे घ्यायचा लिनोलियमचा ठोकळा, कोरायला घे.

तुझ्या चित्रात खांद्याच्या एकाच कडेवर चार-पाच रेषा आहेत. त्यांतली खरी कोणती, हे तू ठरवलेलं नाहीस. पेन्सिल हे चालवून घेते. पुस्तकांसाठी चित्रं काढायला लागलो तेव्हा माझीही सगळी भिस्त पेन्सिलीच्या छटांवर होती. लिनोत छटा नसतात. कोरलं ते पांढरं, ठेवलं ते काळं, आणि करडं हवं असेल तर ते रेघांच्या दाटीतून उभं करायचं. गालाची गोलाई किती रेघांत येईल, त्या कुठल्या दिशेनं जातील, कुठे थांबतील, हे हत्यार टेकवण्याआधी ठरवावंच लागतं. कोरलेलं भरून येत नाही! लिनोचा भास देणारे डिजिटल ब्रश वापरायला माझी ना नाही, पण तिथे मागे फिरता येतं, त्यामुळे हे शिक्षण होत नाही.

जर्मन चित्रकार केटे कोलवित्झ (१८६७–१९४५) यांची छापचित्रं शोधून बघ. एचिंग (आम्लानं धातूच्या पत्र्यावर रेषा कोरून छापणं) आणि लिथोग्राफीत (दगडावर चित्र काढून छापणं) त्यांचं नाव झालेलं होतं. १९२० मध्ये जर्मन शिल्पकार एर्न्स्ट बारलाख यांचे वुडकट, म्हणजे लाकूड कोरून घेतलेले छापे, पाहिले आणि पन्नाशी उलटल्यावर त्या लाकूड कोरायला लागल्या. पहिल्या महायुद्धात त्यांचा मुलगा गेला होता. नंतरच्या ‘युद्ध’ या मालिकेत काळ्याचे मोठे गठ्ठे आहेत आणि मोजक्या पांढऱ्या रेघा. काय वगळलंय ते पाहा.

आता कामाचं. लिनोलियम जवसाचं तेल, बुचाचा भुगा वगैरे मिसळून तागाच्या कापडावर थापलेलं असतं. थंडीत ते कडक होतं, थोडं ऊबदार केलं की हत्यार लोण्यातून गेल्यासारखं जातं. बोथट हत्याराला जोर लागतो आणि जोरानंच ते निसटतं, म्हणून धार राखायची आणि दुसरा हात कायम पात्याच्या मागे ठेवायचा. चित्र उलटं उमटतं, हे अक्षरं कोरताना तर हमखास विसरायला होतं. ट्रेसिंग पेपर पालथा घालून चित्र उतरव. शिवाय आरशात पाहिलंस की चेहरा कुठे कलला आहे तेही कळेल.

शाईत बहुतेकांची घाई होते. काचेवर ती पातळ पसरव. रोलरखाली बारीक, एकसारखी चरचर ऐकू आली की पुरे. चपचप आवाज येत असेल तर शाई जास्त आहे, बारीक रेघा बुजणार. प्रेस नसल्यानं काही अडत नाही. रोलरनं शाई लावलेल्या ठोकळ्यावर पातळ कागद ठेवून लाकडी चमच्याच्या पाठीनं घास, एक बाजू दाबून धर आणि कोपरा उचलून पाहत राहा. फिकं वाटलं तर कागद हलू न देता पुन्हा घास.

पहिला ठोकळा पोस्टकार्डाएवढाच घे. विषय खांदाच असू दे. दर छाप्यानंतर ठोकळ्यावर थोडं आणखी कोर आणि पुन्हा छाप. मागच्या बाजूला पेन्सिलीनं क्रमांक टाकून सगळे छापे पाठव, मळलेलेसुद्धा. कुठल्या छाप्यानंतर कोरणं थांबवायला हवं होतं, ते आपण बोलू.

तुझा,
काका