कॉलनीच्या भिंतीवर लोकवर्गणीतून स्थानिक महिलांचं चित्र काढायचंय, कोणाला घ्यावं आणि पैसे कसे जमवावेत?

आमच्या नाशिकच्या कॉलनीत तीन वर्षांपूर्वी हेच केलंय, म्हणून लिहितेय. पैशाचं आधी सांगते कारण आमच्याकडे सगळं तिथूनच बिघडलं. ७३ घरं, घरटी ३०० रुपये ठरले, ६१ घरांनी दिले, म्हणजे १८,३०० जमले. पेंटर, परांची, रंग धरून खर्च ३३ हजारांच्या घरात चाललेला. मग एका काकांनी एकरकमी १५,००० दिले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीपण वाजवल्या. तिथंच चुकलं. घरटी पाचशेच्या वर कोणाकडूनही घेऊ नका, कमी पडले तर भिंत लहान करा.

आता कोणाला घ्यायचं. कमिटीत पहिल्या मिटिंगला नावं आली जिजाऊ, अहिल्यादेवी, सावित्रीबाई. या तिघींपुढे मान झुकतेच, पण महाराष्ट्रातल्या प्रत्येक भिंतीवर त्याच आहेत आणि ठरलं होतं स्थानिक बायकांचं चित्र. मी म्हटलं शांताबाई दाणी घ्या. इथल्याच खडकाळीत जन्मलेल्या, दादासाहेब गायकवाडांच्या बरोबरीनं काम केलेल्या, विधान परिषदेत आमदार झालेल्या, आणि आमच्या अर्ध्या कॉलनीला त्यांचं नावही माहीत नव्हतं. दुसरी कविता राऊत, सावरपाड्याची पोरगी, २०१० ला दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये दहा हजार मीटरला ब्राँझ आणलं तिनं. ही दोन्ही नावं पास झाली. १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला त्यात बायकाही होत्या, त्यांना घ्या म्हटलं तर "वाद नको" म्हणून विषयच बंद केला. मला ते आजही पटलेलं नाही.

तिसरी जागा आमच्या आक्कांची. आक्का सिन्नरकडच्या, तिकडं घरोघरी बायका विड्या वळायच्या, त्या इथं आल्या तरी हातातलं काम सुटलं नाही. पहाटे उठून मांडीवर सूप, पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळून दोरा बांधायचा, पंचवीसची जुडी, चाळीस जुड्यांचे हजार, आणि मजुरी त्या हजारावर. मी लहान असताना त्यांच्या ओट्यावर बसून जुड्या मोजायचे, मला पंचविसाचा पाढा शाळेत नाही, तिथं आला. नवरा लवकर गेला, दोन्ही मुलींना त्या सुपावर नर्सिंग शिकवलं. कॉलनीत नळ नव्हता तेव्हा टँकरच्या रांगेत बाळंतिणीच्या घरचा हंडा आधी भरायचा हा नियम त्यांनीच लावला, आणि त्यांच्यापुढे बोलायची कोणाची टाप नव्हती.

पेंटरनं आधी कागदावर काढलं त्यात आक्का सूप घेऊन बसल्या होत्या, फार सुंदर आलं होतं. मग ते पंधरा हजारवाले काका म्हणाले, पोरं इथून शाळेत जातात, भिंतीवर विडी कशी चालेल. मी म्हटलं काका, कोणी ओढतंय का चित्रात, हे तिचं काम आहे. तर म्हणे हातात पुस्तक द्या, प्रेरणा मिळेल. मिटिंगमध्ये आम्ही चार बायका एका बाजूला आणि बाकी सगळे गप्प, कारण पैसे त्यांचे. शेवटी भिंतीवर आक्कांच्या हातात पुस्तक आलं. आक्कांना वाचता येत नाही.

उद्घाटनाला त्यांच्या मुलीनं त्यांना नवीन लुगडं नेसवून आणलं. बराच वेळ भिंतीकडे बघत राहिल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "ही कोण गं? माझं सूप कुठंय?" मला उत्तर देता आलं नाही. ते काका शेजारीच नारळ फोडत होते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, ज्या बाईचं चित्र काढताय ती जिवंत असेल तर हातात काय हवं ते तिलाच विचारा, कमिटीला नाही. तंबाखू वाईटच, आक्कांचा खोकला मी चाळीस वर्षं ऐकतेय, त्यांनी स्वतःच्या मुलींना सुपाला हात लावू दिला नाही. पण म्हणून तिनं आयुष्यभर केलेलं काम पुसून तिला दुसरीच बाई करायची?

बाकीचं थोडक्यात. भिंत ज्याची आहे त्याची लेखी परवानगी आधी घ्या, आणि ज्यांचं चित्र त्यांच्या घरच्यांचीही. जुना डिस्टेंपर पूर्ण खरवडल्याशिवाय आणि बाहेरचा प्रायमर मारल्याशिवाय रंग लावू देऊ नका, खालून ओलीनं लोणा, म्हणजे पांढरा खार, येत असेल तर ती भिंतच सोडा. काम दिवाळीनंतर काढा, भिंत कोरडी असते. आमच्या पेंटरनं घाईत मे महिन्याच्या शेवटी जुन्या रंगावरच मारलं आणि दुसऱ्याच पावसाळ्यात पोपडे निघाले, सगळ्यात जास्त आक्कांच्या बाजूला. हिशोब भिंतीशेजारीच कागदावर चिकटवा, ते आम्ही केलं होतं आणि त्यावरून एक शब्द कोणी काढला नाही.

यंदा दिवाळीनंतर ती बाजू पुन्हा रंगवायचीय. यावेळी घरटी १०० रुपये, जास्त नाही, पावतीपुस्तक माझ्याकडे आहे. आक्कांचं सूप मी मागच्या आठवड्यातच मागून आणलंय, पेंटरला समोर ठेवून काढायला.