पेटंट विद्यापीठाच्या नावावर, कंपनी मला काढायची आहे

प्रश्न: मी पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पाण्यात विरघळलेले जड धातू ओळखणाऱ्या सेन्सरसाठी मी इलेक्ट्रोडवरचा एक लेप तयार केला. आठ महिन्यांपूर्वी विद्यापीठाने त्याचा प्रोव्हिजनल (प्राथमिक) पेटंट अर्ज भरला. संशोधक म्हणून माझे, गाईडचे आणि विभागप्रमुखांचे नाव आहे. नंतर लेपात आणखी एक घटक मिसळल्यावर आठवड्यात उखडणारा लेप महिनाभर टिकू लागला. हे मी तीन महिन्यांपूर्वी एका परिषदेत पोस्टरवर मांडले. प्रकल्पाचा काही खर्च एका खासगी कंपनीने उचलला होता. मला मैत्रिणीबरोबर स्टार्टअप काढायचे आहे. विद्यापीठाच्या टेक्नॉलॉजी ट्रान्सफर कक्षाने टर्म शीट (कराराच्या प्रस्तावित अटी) पाठवली आहे: नॉन-एक्सक्लुझिव्ह (इतरांनाही देता येईल असा) परवाना, विक्रीवर ५ टक्के रॉयल्टी, कंपनीत कधीही कमी न होणारा ५ टक्के हिस्सा, आणि आम्ही पुढे केलेली प्रत्येक सुधारणा विद्यापीठाची. प्रबंध सहा आठवड्यांत द्यायचा आहे. काम माझे, मग पेटंट त्यांचे कसे? सही करू का?

उत्तर: सही आत्ता करू नका. पण टर्म शीटपेक्षा तातडीचे काम तुमच्या पोस्टरचे आहे. टर्म शीटवर महिनाभर बोलणी करता येतील. गेलेली तारीख मात्र परत मिळत नाही. म्हणून आधी तारखा, मग मालकी आणि शेवटी परवाना.

प्रोव्हिजनल अर्जामुळे त्यात जे लिहिले आहे तेवढ्यालाच त्या दिवसाची तारीख मिळते. टिकाऊपणा देणारा घटक तुम्हाला नंतर सापडला, म्हणजे तो त्या अर्जात नाही आणि त्याला ती तारीख मिळणार नाही. वर तो पोस्टरवर गेला. पेटंट कायदा, १९७० प्रमाणे अर्जाआधी उघड झालेली गोष्ट नवीन राहत नाही, मग ती खुद्द संशोधकाने उघड केलेली का असेना. कलम ३१ मध्ये एक सवलत आहे: विद्वत्संस्थेपुढे वाचलेल्या किंवा तिच्या कार्यवृत्तात छापलेल्या निबंधानंतर १२ महिन्यांच्या आत अर्ज केला, तर तो निबंध तुमच्याविरुद्ध वापरला जात नाही. २०२४ च्या सुधारित नियमांनी या सवलतीसाठी फॉर्म ३१ आणला आहे. पण पोस्टर म्हणजे ‘वाचलेला निबंध’ का, आणि तुमच्या परिषदेचे आयोजक ‘विद्वत्संस्था’ ठरतात का, यावर वाद होऊ शकतो. त्यामुळे ही सवलत मागाच, पण सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नका.

पोस्टरची फाइल आणि परिषदेची सारांश-पुस्तिका समोर ठेवून एकेक ओळ तपासा. घटकाचे नाव होते का? प्रमाण होते का? लेप किती तापमानाला भाजला हे होते का? नुसता टिकाऊपणाचा आलेख असेल आणि घटकाचे नाव कुठेच नसेल, तर फारसे बिघडलेले नाही. नाव होते पण प्रमाण आणि कृती नव्हती, तर ‘हा घटक असलेला कोणताही लेप’ असा रुंद दावा (पेटंटमध्ये मागितलेल्या हक्काची व्याप्ती) अडचणीत येतो. ठरावीक प्रमाण आणि कृतीचा अरुंद दावा अजून वाचू शकतो. युरोपात स्वतःच्या परिषदेतल्या मांडणीला सवलत नाही, त्यामुळे तिथे जे काही मिळेल ते या अरुंद दाव्यातूनच. अमेरिकेत संशोधकाने स्वतः उघड केल्यापासून एक वर्ष मिळते.

हा घोळ मोठमोठ्यांकडून झालेला आहे. जनुके जोडण्याच्या कोहेन-बॉयर तंत्रावरचा निबंध नोव्हेंबर १९७३ मध्ये छापून आला आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचा अर्ज नोव्हेंबर १९७४ मध्ये, अमेरिकेतले वर्ष संपायला जेमतेम आठवडा उरला असताना दाखल झाला. अमेरिकेतल्या पेटंटने पुढे २५ कोटी डॉलरहून अधिक परवाना-उत्पन्न दिले. अमेरिकेबाहेरचे हक्क मात्र त्या एका छापील निबंधाने गेले.

तेव्हा याच आठवड्यात ट्रान्सफर कक्षाला लेखी कळवा, की सुधारित लेपाचा दुसरा प्रोव्हिजनल अर्ज ताबडतोब भरावा. पहिल्या प्रोव्हिजनलपासून १२ महिन्यांच्या आत, म्हणजे तुमच्याकडे उरलेल्या चार महिन्यांत, दोन्ही अर्ज मिळून एकच कम्प्लीट स्पेसिफिकेशन (शोधाचे पूर्ण वर्णन आणि दावे) देता येते; कायद्यात तशी सोय आहे. परदेशी अर्जाचीही तीच १२ महिन्यांची मुदत आहे, आणि ती वाढवून मिळेल असे गृहीत धरू नका. पहिल्या अर्जाची तारीखच सहा महिन्यांपर्यंत पुढे सरकवून घेण्याची सोय कलम १७ मध्ये आहे आणि कुणीतरी ती सुचवेलही. तुमच्या बाबतीत ती घातक आहे. पोस्टर पहिल्या अर्जानंतर पाच महिन्यांनी लागले. तारीख सहा महिने सरकली की ते पोस्टर मूळ लेपाच्याही आधीचे ठरेल. घाईत थेट अमेरिकेत अर्ज करण्याचा सल्लाही मानू नका. भारतात राहणाऱ्याने परवानगी न घेता, किंवा भारतात अर्ज करून सहा आठवडे न थांबता, परदेशात अर्ज केला तर कलम ३९ चा भंग होतो, आणि त्याने इथला अर्जही सोडून दिल्यासारखा धरला जातो.

प्रबंधाची गतही पोस्टरसारखीच होऊ शकते. तो ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर चढला की साऱ्या जगाला खुला झाला. दुसरा अर्ज दाखल होऊन त्याचा क्रमांक हाती येईपर्यंत सुधारित लेपाचे प्रकरण परीक्षकांकडे जाऊ देऊ नका. मौखिक परीक्षा बंद दाराआड, उपस्थितांकडून गोपनीयतेच्या सह्या घेऊन करण्याची आणि प्रबंध ठरावीक काळ खुला न करण्याची विनंती विद्यापीठाकडे आजच करा. प्रकरणच वगळण्याचा सल्ला मात्र मला पटत नाही. ते तुमच्या पदवीचे काम आहे, आणि अर्ज वेळेत झाला तर ते झाकायचे कारण उरत नाही. प्रबंधाच्या मजकुराचा कॉपीराइट, तुम्ही लिहून दिला नसेल तर, तुमचाच आहे. पेटंटचा प्रश्न त्याहून वेगळा.

आता ‘काम माझे, पेटंट त्यांचे कसे’ या प्रश्नाकडे येतो. तुमची चीड रास्त आहे आणि कायद्यातही तिला थोडी जागा आहे. अर्ज करण्याचा मूळ हक्क खऱ्या आणि पहिल्या संशोधकाचा, किंवा त्याने ज्याला तो लिहून दिला त्याचा. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या शोधांवर विद्यापीठांना हक्क ठेवण्याची वाट दिली. आपल्याकडे तशा धर्तीचे विधेयक २००८ मध्ये संसदेत आले, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे इथे सगळे विद्यापीठाच्या बौद्धिक संपदा धोरणावर, निधीच्या अटींवर आणि तुम्ही सह्या केलेल्या कागदांवर ठरते. विद्यार्थी नोकर नसतो. फेलोशिप मिळते म्हणून शोध आपोआप विद्यापीठाचा होत नाही.

पण तुम्ही सही केलेली असणार. पेटंट अर्जाच्या फॉर्म १ मध्ये संशोधकांचे एक निवेदन असते: आम्ही खरे व पहिले संशोधक आहोत आणि अर्जदार हा आमचा असायनी (ज्याला हक्क लिहून दिला तो) आहे. ‘इथे सही करा, पेटंटचा फॉर्म आहे’ एवढेच सांगून बहुतेकांकडून ती घेतली जाते, आणि पेटंट कार्यालय तीच अर्जाच्या हक्काचा पुरावा म्हणून मानते. ती केली असेल तर मूळ लेपावरचा हक्क मागे घेण्यासाठी भांडण्यात अर्थ नाही. प्रवेशाच्या वेळचे हमीपत्रही काढून वाचा. ‘शोध हस्तांतरित करीन’ आणि ‘शोध याद्वारे हस्तांतरित करत आहे’ यांत मोठा फरक आहे. स्टॅनफर्डच्या एका संशोधकाने विद्यापीठाला पहिल्या प्रकारचे आणि एका कंपनीला दुसऱ्या प्रकारचे लिहून दिले होते. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात स्टॅनफर्ड हरले आणि त्या कंपनीच्या वारसदार रोश कंपनीचा हक्क टिकला. आपल्या न्यायालयांवर तो निकाल बंधनकारक नाही, पण शब्द कसे वाचायचे ते त्यातून कळते.

सुधारित लेपाचा फॉर्म १ अजून व्हायचा आहे, म्हणजे त्यावर तुमची सही अजून झालेली नाही. वाटाघाटीत तुमच्याकडे असलेली खरी ताकद ही आहे. तिचा वापर धमकीसारखा करू नका: धोरण तुम्हाला बांधून ठेवत असू शकते, आणि मूळ लेपाशिवाय सुधारणा बाजारात नेता येणार नाही. पण सहीबरोबर ‘उत्पन्नात वाटा धोरणाप्रमाणे आणि परवान्याची पहिली बोलणी माझ्या कंपनीशी’ एवढे पत्र मागणे पूर्ण न्याय्य आहे. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या निधीतून काम झाले असेल, तर २००० सालच्या त्यांच्या सूचनांनुसार संशोधकांचा वाटा प्रत्यक्ष उत्पन्नाच्या एक तृतीयांशापर्यंतच जातो आणि सरकारलाही स्वतःच्या वापराचा विनारॉयल्टी परवाना राहतो. निधीचे मंजुरीपत्र म्हणूनच पाहायला हवे.

विभागप्रमुखांचे नाव ही नाजूक बाब आहे. प्रयोगशाळा देणे, निधी आणणे, विभाग चालवणे याने कोणी संशोधक ठरत नाही. दाव्यात मांडलेल्या कल्पनेत ज्याचा बौद्धिक हातभार आहे तोच संशोधक. निबंधाच्या लेखकांची यादी आणि पेटंटच्या संशोधकांची यादी सारखी असलीच पाहिजे असे नाही. हे आत्ता सौम्यपणे दुरुस्त होऊ शकते, कारण कम्प्लीट स्पेसिफिकेशनबरोबर संशोधकांविषयीचा फॉर्म ५ भरावा लागतोच. ‘दावे ठरल्यावर कोणत्या दाव्यात कोणाचा वाटा ते पेटंट एजंटने लेखी तपासावे’ अशी विनंती करा. यात कुणावर आरोप होत नाही. प्रयोगवहीची तारखांसह प्रत सोबत जोडा. अमेरिकेत चुकीचे संशोधक दाखवल्याने पेटंटच धोक्यात येते, हे ट्रान्सफर कक्षाला सांगितले तर ते ऐकतात.

खर्च उचलणाऱ्या कंपनीचा करार तुम्ही पाहिलेला दिसत नाही, आणि त्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. अशा करारात बहुधा पर्यायाचा हक्क असतो: विद्यापीठाने शोध कळवल्यापासून ठरावीक दिवसांत परवाना घ्यायचा की नाही ते कंपनीने सांगायचे. विद्यापीठाने कळवलेच नसेल, तर ते दिवस मोजायला सुरुवातच झालेली नसते. तुम्ही परवाना घ्याल, गुंतवणूकदार आणाल, आणि वर्षभराने ती कंपनी हक्क सांगत उभी राहील. तिचा लेखी नकार मिळेपर्यंत परवान्यावर सही नाही. करारात ‘संयुक्त मालकी’ असेल तर आणखी सावध राहा. कलम ५० प्रमाणे सहमालक पेटंट स्वतः वापरू शकतो, त्याचा हिशेब त्याला द्यावा लागत नाही, आणि त्याच्या संमतीशिवाय दुसरा सहमालक तुम्हाला परवाना देऊच शकत नाही.

टर्म शीटविषयी. परवान्याऐवजी आधी ६ ते १२ महिन्यांचा ऑप्शन करार मागा. थोडी फी, त्या काळात विद्यापीठाने दुसऱ्या कुणाशी बोलायचे नाही, आणि तुम्ही तोवर नमुना, ग्राहक आणि पैसा यांची चाचपणी करायची. अजून नोंदही न झालेल्या कंपनीने पूर्ण परवाना घेऊन पेटंटखर्चाची बिले डोक्यावर घेऊ नयेत.

नॉन-एक्सक्लुझिव्ह परवान्यावर तुमच्या कंपनीला गुंतवणूक मिळणे कठीण आहे, आणि नक्कल करणाऱ्यावर कोर्टात दावाही लावता येणार नाही. पेटंटधारकासारखा दावा लावण्याचा हक्क एक्सक्लुझिव्ह परवानाधारकाला मिळतो. विद्यापीठाला सर्व क्षेत्रे देण्याची भीती वाटत असेल तर क्षेत्र वाटून घ्या: पाणी तपासणीसाठी एक्सक्लुझिव्ह, अन्न किंवा रक्त तपासणी त्यांच्याकडे. बदल्यात ते टप्पे मागतील, की अमुक महिन्यांत नमुना, अमुक वर्षात पहिली विक्री, नाहीतर हक्क परत. ही मागणी योग्यच आहे, शोध कपाटात पडून राहू नये. फक्त टप्पा चुकल्यावर आधी नोटीस, सुधारायला ९० दिवस, आणि लगेच रद्द न होता आधी एक्सक्लुझिव्हपणा जाणे, असा क्रम लिहून घ्या.

५ टक्के रॉयल्टी कशावर, हे टक्क्यापेक्षा महत्त्वाचे. १०० च्या विक्रीत नफा २० असेल, तर ५ म्हणजे नफ्याचा चौथा हिस्सा. कर, वाहतूक आणि परत आलेला माल वजा करून ‘निव्वळ विक्री’ची व्याख्या करा. सेन्सर मोठ्या यंत्राचा भाग म्हणून विकला जाणार असेल, तर रॉयल्टी पूर्ण यंत्रावर नको, सेन्सरच्या भागावरच हवी. तुमच्या इलेक्ट्रोडसाठी दुसऱ्याच्या पेटंटलाही ४ टक्के द्यावे लागले तर एकूण ९ होतील, म्हणून त्या ४ मधले निम्मे विद्यापीठाच्या रॉयल्टीतून वजा होण्याचे कलम घाला, खालची मर्यादा ठरवून.

शेअरचा हिस्सा देणे वाईट नाही. गूगलच्या शोधतंत्राच्या परवान्यापोटी स्टॅनफर्डने शेअर घेतले आणि पुढे ते विकून त्यांना सुमारे ३३.६ कोटी डॉलर मिळाले. पण ‘कधीही कमी न होणारा’ हे शब्द काढायलाच हवेत. प्रत्येक नव्या गुंतवणुकीत त्यांचे ५ टक्के शाबूत ठेवायचे तर कपात तुमच्या आणि गुंतवणूकदाराच्या हिश्श्यातून होते. ठरावीक रकमेची गुंतवणूक येईपर्यंत संरक्षण, पुढे सगळ्यांबरोबर समान कपात, ही तडजोड विद्यापीठे मान्य करतात.

‘प्रत्येक सुधारणा विद्यापीठाची’ हे तर मान्य करूच नका. परवानाधारकाच्या सुधारणा केवळ परवाना देणाऱ्यालाच मिळाव्यात अशी अट कलम १४० खाली टिकत नाही. अध्यापन आणि संशोधनासाठी विनाशुल्क वापराची मुभा त्यांना जरूर द्या. आणि तुमच्या बाजूने एक पथ्य पाळा: कंपनी नोंदवल्यावर तिचे काम विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, रसायनांत, ई-मेलवर करू नका. करायचेच असेल तर लेखी, भाडे देऊन. नाहीतर कंपनीच्या शोधावरही विद्यापीठ हक्क सांगेल. गाईड भागधारक होणार असतील तर त्यांना विद्यापीठाची आगाऊ परवानगी लागेल, आणि परवाना ठरवणाऱ्या समितीत त्यांनी बसता कामा नये.

अंतिम परवाना लेखी, रीतसर सह्यांचा हवा. तोंडी किंवा ई-मेलवरच्या होकाराला कलम ६८ खाली किंमत नाही. सह्या झाल्यावर, पेटंट मंजूर झाले की फॉर्म १६ ने पेटंट रजिस्टरमध्ये नोंद करून घ्या.

आज ट्रान्सफर कक्षाला जे पत्र द्याल त्यात चार कागदांच्या प्रती मागा: सहीचा फॉर्म १, तुमच्या प्रवेशाच्या वर्षी लागू असलेले बौद्धिक संपदा धोरण, निधीचे मंजुरीपत्र, आणि खर्च उचलणाऱ्या कंपनीचा करार. पत्राला पोस्टर आणि सारांश-पुस्तिकेचे पान जोडा, परिषदेची तारीख ठळक लिहा, आणि आवक विभागाचा शिक्का मारलेली पोच स्वतःकडे ठेवा.