आई-बाबांना घेऊन अ‍ॅमस्टरडॅमच्या रेड लाइट भागात जावं का?

जुलैमध्ये आई-बाबांसोबत अ‍ॅमस्टरडॅमला येताय, रेड लाइट डिस्ट्रिक्ट बघायची इच्छा आहे, पण वडीलधाऱ्यांसोबत ते बरं दिसेल का आणि तिथे धोका आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी इथे शेजारीच, अ‍ॅमस्टेलवेनमध्ये राहते. भारतातून येणारे बहुतेक पाहुणे हाच प्रश्न आवाज खाली करून विचारतात. माझं उत्तर: जरूर जा, पण दिवसाउजेडी जा आणि फोन खिशात ठेवा.

सेंट्रल स्टेशनवरून दहा मिनिटं चाललात की डे वालन, म्हणजेच रेड लाइट डिस्ट्रिक्ट, लागतं. हा शहराचा सगळ्यात जुना भाग. मधोमध आउडे कर्क हे चर्च आहे, १३०६ सालापासूनचं. चित्रकार रेम्ब्रांची पत्नी सास्किया हिची कबर तिथे आहे. आणि चर्चच्या दारातून बाहेर पडलं की समोरच त्या काचेच्या खिडक्या. दुपारीसुद्धा काहींमध्ये लाल दिवे लागलेले असतात. जवळच कालव्याकाठच्या एका घराच्या माळ्यावर १६६३ मध्ये बांधलेलं छुपं कॅथलिक चर्च आहे, उघडपणे प्रार्थना करायला बंदी होती त्या काळातलं. ते मला फार आवडतं, पण जिने अरुंद आणि खडे आहेत. बाबांचे गुडघे दुखत असतील तर राहू द्या.

फोटोचं मात्र मी कळकळीने सांगते. काचेमागच्या बाईचा फोटो काढायचा नाही. लांबूनही नाही, मागे तुमचं कुटुंब उभं करून तर नाहीच. तिच्या घरच्यांना ती काय काम करते हे कदाचित ठाऊकही नसेल, आणि तुमच्या स्टेटसवरचा एक फोटो कुठे पोहोचेल ते तुमच्या हातात राहत नाही. इथे २००० पासून हा देहविक्रीचा व्यवसाय कायदेशीर आहे. बायका पाळीनुसार खिडकी भाड्याने घेतात, कर भरतात. बघ्यांच्या झुंडी खिडक्यांसमोर थांबत म्हणून १ एप्रिल २०२० पासून तिथून गाइडेड टूर न्यायलाही बंदी आहे. त्यामुळे कोणी तशी टूर देऊ केली तर सरळ नाही म्हणा.

माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा आम्ही तिथून चालत गेलो. त्या गप्पच होत्या. पुलावर आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "म्हातारपणी ह्यांना पेन्शन मिळते का गं?" मिळते. इथे राहिलेल्या वर्षांच्या हिशोबाने सरकारी पेन्शन सगळ्यांनाच मिळते. आई-बाबांना काय झेपेल याची आपण उगाच फार काळजी करतो असं मला तेव्हापासून वाटतं. आधी मोकळेपणाने सांगा, आणि नको म्हणाले तर आग्रह करू नका.

रात्रीचं म्हणाल तर शुक्रवारी-शनिवारी गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. दारू प्यायलेले पर्यटकांचे घोळके असतात, खिसेकापूही असतात. खरा धोका आहे तो रस्त्यावर कानाशी कुजबुजत ड्रग्ज विकणाऱ्यांचा. २०१४ मध्ये कोकेन म्हणून विकलेल्या हेरॉइनमुळे पर्यटकांचे जीव गेले आहेत. थांबू नका, उत्तरही देऊ नका, चालत राहा. आणि ह्या गल्ल्यांत वरच्या मजल्यांवर कुटुंबं राहतात, त्यांना सकाळी कामावर जायचं असतं. रस्त्यावर गांजा ओढायला २०२३ पासून बंदी आहे ती त्यांच्याच तक्रारींमुळे.

दुपारी गेलात तर पुढे झेडाइक या रस्त्यावर निघा. तिथे चिनी वस्ती आहे, एक सुंदर बौद्ध मंदिर आहे, आई-बाबांना थोडा वेळ शांत बसता येईल. फक्त रविवारी सकाळी जाऊ नका. आउडे कर्कमध्ये तेव्हा प्रार्थना असते आणि पर्यटकांना दुपारनंतरच आत सोडतात.