बोटाबरोबर पानपण सरकतं, काय करू?

प्रश्न: मी एक फॉर्म बनवतोय, त्यात शेवटी सही करायला कॅनव्हास (कोडने रेघा काढता येतात असा पानावरचा चौकोन) ठेवलाय. लॅपटॉपवर माउसने सही मस्त येते, पण फोनवर बोट टेकवून ओढलं की जराशी रेघ उमटते आणि लगेच पान स्क्रोल व्हायला लागतं, सहीचा पार विचका होतो. टचमूव्हमध्ये, म्हणजे बोट सरकताना येणाऱ्या इव्हेंटमध्ये, प्रिव्हेंटडिफॉल्ट (ब्राउझरला त्याचं नेहमीचं काम करू नको असं सांगणं) लिहिलंय तरी काही फरक नाही, उलट कन्सोलमध्ये पॅसिव्ह लिसनरबद्दल मेसेज येतो. लिसनर (इव्हेंट आला की चालणारा कोड) डॉक्युमेंटवर, म्हणजे अख्ख्या पानावर, लावलाय. आणि बोट उचलल्यावरच्या टचएंडमध्ये टचेस या यादीतला पहिला टच घेतला की अनडिफाइंड, म्हणजे काहीच मिळत नाही. दोन दिवस यातच गेलेत.

उत्तर: तुमचं लॉजिक बरोबर आहे, फक्त लिसनर चुकीच्या जागी बसलाय. पान सरकवू की नको हे ब्राउझरला तुमचा कोड चालून संपेपर्यंत कळतच नाही, कारण मध्येच तुम्ही प्रिव्हेंटडिफॉल्ट म्हणाल अशी शक्यता असते, आणि कोड जड असला की तेवढा वेळ स्क्रोल अडकल्यासारखा वाटतो. म्हणून २०१६ मध्ये क्रोम ५१ मध्ये पॅसिव्ह हा पर्याय आला, म्हणजे 'मी अडवणार नाही, तू सरकव' असं आधीच सांगून टाकायचं. मग २०१७ मध्ये क्रोम ५६ पासून विंडो, डॉक्युमेंट आणि बॉडीवरचे टचस्टार्ट-टचमूव्ह लिसनर आपोआप पॅसिव्ह धरले जायला लागले, सफारीनेही नंतर तेच केलं. तुमचा लिसनर नेमका डॉक्युमेंटवर, त्यामुळे प्रिव्हेंटडिफॉल्टकडे कोणी बघतच नाही.

लिसनर कॅनव्हासवर लावा आणि पॅसिव्ह फॉल्स असं स्पष्ट लिहा, काम होईल. रिअ‍ॅक्ट ही लायब्ररी वापरत असाल तर ऑनटचमूव्हने जमणार नाही, आवृत्ती १७ पासून तिथेही हे लिसनर पॅसिव्हच लागतात, रेफ (त्या एलिमेंटचा थेट संदर्भ) घेऊन स्वतः अ‍ॅडइव्हेंटलिसनर करावं लागतं.

पण मला विचाराल तर सीएसएसमध्ये कॅनव्हासला टच-अ‍ॅक्शन नन द्या. बोट टेकलं की ब्राउझर तिथेच ते वाचतो, या जागेवर स्क्रोल नाही झूम नाही हे त्याला आधीच कळतं, तुमच्या कोडची वाट बघायची गरजच राहत नाही. बोट टेकल्यानंतर ही व्हॅल्यू बदललीत तर त्या ओढण्यापुरता काही उपयोग नाही, म्हणून ती आधीपासूनच असू द्या. आडवा स्लायडर असेल तर नन नको, पॅन-वाय द्या, म्हणजे वरखाली ब्राउझरचं आणि आडवं तुमचं. आणि कृपा करून हे अख्ख्या बॉडीला लावू नका! ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही ते लोक दोन बोटांनी झूम करून वाचतात, त्यांचा तो आधार आपण एका ओळीत काढून घेतो, हे मी खूप ठिकाणी बघितलंय आणि दर वेळी वाईट वाटतं.

आता टचएंडचं. टचेस म्हणजे अजून स्क्रीनवर टेकलेली बोटं, उचललेलं बोट त्यात कसं असेल, ते चेंज्डटचेसमध्ये मिळतं. सहीच्या बाबतीत अजून एक गोष्ट बघा, सही करताना तळहाताची कड हळूच स्क्रीनला लागते आणि तोही एक टच धरला जातो, मग पहिला टच म्हणून तुम्ही भलताच घेता आणि रेघ एकदम कोपऱ्यात उडी मारते. टचस्टार्टला (बोट टेकताना) त्या टचचा आयडेंटिफायर, म्हणजे त्याचा वेगळा क्रमांक, जपून ठेवा आणि पुढे तोच जुळतोय का बघूनच रेघ ओढा. टचकॅन्सलपण हाताळा, नाहीतर सिस्टिमने मध्येच टच तोडला की तुमच्या कोडला बोट अजून खालीच आहे असं वाटत राहतं.

नवीनच लिहिताय तर सरळ पॉइंटर इव्हेंट घ्या, माउस, बोट, पेन सगळं एकाच कोडमध्ये. फक्त टच-अ‍ॅक्शन विसरलात तर पान सरकायला लागताक्षणी पॉइंटरकॅन्सल येतो आणि त्या बोटाचे पुढचे पॉइंटरमूव्ह बंद.

प्रश्न: कार्ड एका कॉलममधून दुसऱ्यात ओढायचंय. बोट दुसऱ्या कॉलमवर गेलं तरी टचमूव्हमधलं टार्गेट जुनं कार्डच दाखवतं, असं का?

उत्तर: ते तसंच असतं, टच जिथे सुरू झाला तेच शेवटपर्यंत टार्गेट. बोटाखाली आत्ता काय आहे ते डॉक्युमेंटच्या एलिमेंटफ्रॉमपॉइंटला क्लायंटएक्स-क्लायंटवाय देऊन विचारा, पण बोटाखाली ओढलं जाणारं कार्डच असतं त्यामुळे तेच उत्तर येईल, म्हणून ओढताना त्याला सीएसएसमध्ये पॉइंटर-इव्हेंट्स नन द्या, म्हणजे ते वगळून खालचं मिळेल. टच आधीच सुरू झालेला असल्याने टचमूव्ह येत राहतात. आणि ओढता ओढता ते कार्ड डॉममधून (पानाच्या एलिमेंट्सच्या रचनेतून) काढू नका, काढलंत तर पुढचे इव्हेंट त्या काढलेल्या कार्डाकडेच जातात, डॉक्युमेंटपर्यंत वर येत नाहीत आणि तुमचं ड्रॅग तिथेच गोठतं. तोवर सीएसएसच्या ट्रान्सफॉर्मने नुसतं दिसायला हलवा, खरी जागा टचएंडला बदला.