ओठ आणि आवाज जुळेनात तेव्हा

‘संगणकासमोर बसले की काहीतरी बिघडतेच, हे क्षेत्र माझे नाहीच का?’ माध्यम विषय शिकणाऱ्या मुलामुलींकडून हा प्रश्न मी समुपदेशक म्हणून दरवर्षी ऐकते, आणि प्रकल्प जमा करण्याचे दिवस जवळ आले की तो अधिकच ऐकू येतो. अशाच एका विद्यार्थिनीचा अनुभव तिच्या परवानगीने, नाव न देता, येथे लिहीत आहे.

ती पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. वर्गातील पाच जणांनी मिळून, त्यांच्यातीलच एकाने रचलेल्या आणि गायलेल्या चार मिनिटांच्या गाण्याचा म्युझिक व्हिडिओ केला होता. चित्रीकरण रंकाळ्याच्या काठी, दिवेलागणीच्या वेळी, दोन मोबाइलवर झाले होते आणि संकलन (एडिटिंग) हिच्याकडे होते. ‘मॅडम, सुरुवातीला ओठ बरोबर हलतात, शेवटी मात्र ओठ पुढे जातात आणि गाणे मागे राहते,’ ती सांगू लागली. ‘तीन रात्री मी तुकडे सरकवते आहे. एक जुळवला की पुढचा सुटतो. माझ्यामुळे चौघांचे गुण जाणार.’ बोलताना तिचे डोळे भरून आले होते.

मी आधी झोप, जेवण आणि जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार यांविषयी स्पष्ट विचारले. झोप फार कमी झाली होती; तसे विचार मात्र नव्हते. ‘होईल सगळे नीट’ असे म्हणण्याचा मोह अशा वेळी होतो, पण मी तो टाळते, कारण समोरच्या व्यक्तीला तसे मुळीच वाटत नसते आणि आपल्या या धीर देण्याने ती अधिकच एकटी पडते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि मराठी वाचकांना कि. मो. फडके यांच्या लेखनातून परिचित असलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मला येथे उपयोगी वाटली. घटनेने आपण थेट खचत नाही, तर घटनेविषयी आपण मनाशी जे म्हणतो त्याने खचतो, हे या पद्धतीचे सूत्र आहे. मी तिला वहीत तीन रकाने आखायला लावले: काय घडले, मी मनाशी काय म्हणाले, त्याचा परिणाम काय झाला. पहिल्या रकान्यात तिने लिहिले, ‘मला संकलन येत नाही.’ ही घटना नव्हे, हा निष्कर्ष आहे, असे मी दाखवून दिल्यावर तिने ते वाक्य दुसऱ्या रकान्यात नेले आणि पहिल्यात लिहिले, ‘ओठ आणि आवाज जुळत नाहीत.’

मला संकलनातले काही कळत नाही, आणि ते त्या दिवशी सोयीचेच ठरले. मी भाबडेपणाने विचारले, ‘नेमके किती जुळत नाहीत? आरंभी किती, मध्ये किती, शेवटी किती?’ तिने मोजलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी ती आकडे घेऊन आली: आरंभी काहीच फरक नाही, दोन मिनिटांवर साधारण पाव सेकंद, शेवटी जवळजवळ अर्धा सेकंद, आणि हे फक्त एकाच मोबाइलवर सलग घेतलेल्या शॉटमध्ये. ती वही महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेतील सहायकांनी पाहिली आणि कारण त्यांच्या लगेच लक्षात आले. फरक सगळीकडे सारखा असता, तर तुकडा एकदा सरकवून काम भागले असते. वाढत जाणारा फरक सरकवून जात नाही. तो मोबाइल अंधूक प्रकाशात प्रत्येक फ्रेमला, म्हणजे व्हिडिओतील एकेका स्थिर चित्राला, जास्त वेळ देत होता, त्यामुळे सेकंदाला कधी तीस, कधी त्याहून कमी फ्रेम नोंदल्या गेल्या होत्या, आणि संकलनाचे सॉफ्टवेअर मात्र त्या समान अंतराच्या आहेत असे धरून चालले होते. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमदर (सेकंदाला किती फ्रेम हे प्रमाण) स्थिर करून तिने तो शॉट पुन्हा आणला, तेव्हा ओठ शेवटच्या ओळीपर्यंत जुळले.

ती आनंदाने सांगायला आली, ‘म्हणजे मला येते!’ तिचा तो आनंद मोडणे मला जड गेले, तरीही मी तिला थांबवले. शॉट जुळला नाही म्हणून ती नालायक ठरत नव्हती, तशीच जुळला म्हणून लायकही ठरत नव्हती; स्वतःची किंमत एका फाइलला बांधली, तर पुढची फाइल अडेल तेव्हा पुन्हा तीच रात्र वाट्याला येईल. हे तिला लगेच पटले नाही, आणि मीही ताणले नाही.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. गायकाला सर्वांत आवडलेला शॉट कॉपी होण्याआधीच मेमरी कार्ड रिकामे केले गेले होते आणि हे तिने मित्रांपासून लपवले होते. कसे सांगायचे याची आम्ही माझ्या खोलीत तालीम केली: सबबी नाहीत, स्वतःला शिव्याही नाहीत, काय झाले आणि आता काय करता येईल एवढेच. तिने सांगितल्यावर गायक दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. त्या जागी शेवटी पाण्यावरच्या दिव्यांचा शॉट गेला.

शेवटच्या भेटीत तिने वहीचे नवे पान दाखवले. पहिल्या रकान्यात होते, ‘पाच जीबीची फाइल पेनड्राइव्हवर जात नाही.’ पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा (फाइली साठवण्याची एक जुनी रचना) असल्याने त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही आणि तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावा लागेल, हे तिने स्वतःच शोधून खाली लिहिले होते. मधला रकाना कोरा होता.